उमरावती की अमरावती?

आपल्याकडे कोणत्याही गावाच्या नावाची चौकशी करा, दोहोंपैकी एक उत्तर ठरलेले असते. एक तर तिथे कोणी राजा राज्य करून गेलेला असतो, नाही तर कोणी ऋषी तप करून गेलेला असतो. राजाच्या नावात आणि गावाच्या नावात अक्षर-दोन अक्षरांचे साम्य असले की सांगणाऱ्याचे समाधान होते, ऐकणाऱ्याचेही होते, आणि पुढे ते कोणी छापले की त्या गोष्टीला इतिहासाची पदवी मिळते. वऱ्हाडच्या ग्रामनामांवर आजवर जे लिहून झाले आहे त्यात या जातीचा मजकूर इतका भरला आहे की त्याची एकदा नीट झडती घ्यावी असे फार दिवस मनात होते. फराळाच्या ताटाबरोबर ती वाचकांपुढे ठेवतो. चकली कडक लागली तर दोष भाजणीचा समजावा.

या मजकुराचे मूळ शोधत गेले की आपण तीन इंग्रजी ग्रंथांपाशी येऊन पोचतो. १८७० साली आल्फ्रेड लायल यांनी वऱ्हाडचे गॅझेटियर तयार केले. पुढे १९१० साली अकोला जिल्ह्याचे, आणि १९११ साली अमरावती जिल्ह्याचे वेगळे गॅझेटियर निघाले. या ग्रंथांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. ज्या काळी आपल्यातल्या शहाण्यासुरत्या माणसांना स्वतःच्या गावाची शीव सोडून पलीकडचे कुतूहल नव्हते त्या काळी या लोकांनी खेडोपाडी चौकशी करून माहिती गोळा केली. पण ती सांगणारे कोण? गावचे पाटील, देशमुख, देवळाचे पुजारी. त्यांनी जे सांगितले ते साहेबांनी लिहून घेतले आणि मागे 'असे म्हणतात' हे शब्द जोडून दिले. साहेबांचे चुकले असेल तर एवढेच, की त्यांनी ते तोलून पाहिले नाही. आपण मात्र त्या मजकुराचे मराठी करताना 'असे म्हणतात' हे दोन शब्द तेवढे गाळले. बाकी सारे जसेच्या तसे ठेवले.

खुद्द इंग्लंडात या बाबतीत काय चालते ते पाहण्याजोगे आहे. तिथेही अशा गोष्टींचे पीक काही कमी नव्हते. परंतु १९२३ साली ग्रामनामांच्या अभ्यासासाठी एक मंडळी उभी राहिली आणि तिने एक साधा नेम घालून घेतला. नावाचा अर्थ आधी सांगायचा नाही. आधी त्या नावाची जितकी जुनी लेखने सापडतील तितकी सालवारीने एकाखाली एक मांडायची. १०८६ सालच्या तिकडच्या जमाबंदीच्या वहीत ते कसे लिहिले आहे, त्यापूर्वीच्या दानपत्रात कसे, नंतरच्या कज्जाच्या कागदात कसे, हे पाहायचे आणि मग तोंड उघडायचे. यॉर्क शहराचेच घ्या. रोमन लोक त्याला एबोराकुम म्हणत. मागाहून आलेल्या इंग्रजांना त्या नावाचा अर्थ लागेना; त्यांच्या भाषेत रानडुकराला जवळपास तसाच शब्द होता, म्हणून त्यांनी ते 'एओफोरविक' करून टाकले. पुढे डेन लोक आले, त्यांच्या तोंडी ते 'योर्विक' झाले, आणि त्याचे यॉर्क. लेखने ओळीने मांडली नसती तर आज तिथल्या एखाद्या उत्साही मास्तराने रानडुकराची शिकार करणारा राजा उभा केला असता! नाव कळेनासे झाले की माणसे त्याला आपल्या कळत्या शब्दाकडे ओढून नेतात, हे यातले मर्म आहे. हाच नेम वऱ्हाडला लावून पाहू.

अकोल्यापासून सुरुवात करायला हरकत नाही, कारण तिथले प्रकरण थोडक्यात आटोपते. अकोलसिंग नावाचा एक रजपूत होता, त्याने एका सशाला कुत्र्याच्या पाठीस लागलेले पाहिले, ही भूमी शूरांची आहे असे त्याने जाणले आणि तिथे तट बांधला. त्याच्या नावावरून अकोला. गोष्ट छान आहे, पोरांना सांगावी अशी आहे. पण हाच ससा विजयनगरच्या स्थापनेत हरिहर आणि बुक्क यांना दिसला, आणि अहमदाबादेत अहमदशहालाही दिसला. इतकी गावे वसवणारा ससा अकोल्यालाच तेवढा खरा धावला असे कसे म्हणावे? दुसरे असे की, अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले आहे, यवतमाळकडे अकोला बाजार आहे, कारवारच्या किनाऱ्यावर अंकोला आहे. अकोलसिंग एवढा हिंडला असेल असे दिसत नाही. जे नाव दूरदूरच्या मुलखात पुनःपुन्हा येते ते माणसाचे नसते, जमिनीचे, पाण्याचे किंवा झाडाचे असते. अंकोल नावाचे काटेरी झाड आपल्याकडे होते, अजूनही आहे. वऱ्हाडातली गावे पाहा: पिंपळखुटा, हिवरखेड, बाभूळगाव, बोरगाव, अंजनगाव, चिंचखेड. हिवर, बाभूळ, बोर, अंजन यांच्या रांगेत अंकोल उभा राहिला तर त्यात नवल ते काय? मला तरी रजपुतापेक्षा हे झाड अधिक विश्वासू साक्षीदार वाटते.

आता अमरावती. इथे प्रकरण रंगते, कारण इथे आमची सगळ्यांचीच प्रतिष्ठा गुंतलेली आहे. अमरावती म्हणजे इंद्राची राजधानी, देवांची नगरी. असे नाव सोडून उंबराच्या झाडाचे नाव कोण पत्करील? पण लेखने काय म्हणतात ते पाहू. गेल्या शतकाच्या आधीचे इंग्रजी कागद काढले तर त्यांत हे नाव आरंभी दोन 'ओ' घालून, 'ऊमरावटी' असे वाचावे लागेल अशा तऱ्हेने लिहिलेले आढळते. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी झाली, तिकडचा कापूस बंद पडला, आणि लिव्हरपूलच्या बाजाराने वऱ्हाडच्या कापसाकडे डोळे लावले. त्या बाजारात या कापसाचे नाव 'ऊमरा'. मुंबईच्या कापूस बाजारातही 'ऊमरा' हीच जात ओळखीची होती. कापसाच्या गाठी मोजणाऱ्या त्या दलालांना ना इंद्राशी कर्तव्य होते ना उंबराशी. इथल्या जिनात आणि पेठेत त्यांच्या माणसांच्या कानी जे पडले ते त्यांनी गाठीवर लिहिले. आणि कानी काय पडले? 'उमरावती'. आजही परतवाड्याच्या किंवा दर्यापूरच्या बाजूची एखादी म्हातारी बाई एस.टी.त बसली की तिकीट उमरावतीचेच मागते, अमरावतीचे नव्हे.

यावर शिकलेला माणूस हसून म्हणतो, "अडाणी उच्चार आहे तो. शब्द अमरावतीच, लोकांनी त्याचा उमरावती केला." इथेच माझी हरकत आहे. माणसे अनोळखी नाव ओळखीच्या शब्दाकडे ओढतात हे आपण यॉर्कच्या बाबतीत पाहिले. पुराण ऐकणाऱ्या कोणत्याही खेडुताला अमरावती ठाऊक असते. कीर्तनात ती दर आठ दिवसांनी येते. ती सोडून तो मुद्दाम उमरावती कशाला म्हणेल? उलट उमरावतीला अमरावती करण्याची हौस पंडिताला, कारकुनाला, शाळामास्तराला, कोणालाही व्हावी अशी आहे. मोह ज्या दिशेला आहे त्या दिशेने नाव सरकते. तेव्हा सरकण्यापूर्वीचे नाव मोहाच्या उलट बाजूला शोधावे.

अंबादेवीवरून नाव पडले असेही पुष्कळ जण सांगतात. देवीचे स्थान जुने आहे, तिच्याविषयी बोलताना मी हात जोडूनच बोलतो. पण 'अंबा'पासून 'अंबावती' होईल. मधला 'र' कुठून आला? इंद्राच्या नगरीत 'र' आहे, पण 'उ' नाही. उंबरात 'उ'ही आहे आणि 'र'ही आहे. उमरेड, उमरखेड, उमरी ही नावे आसपास पसरलेली असता या एकाच गावाला स्वर्गातून नाव आणण्याचे कारण दिसत नाही. जुने नाव उदुंबरावती होते असे म्हणणारे मूळच्या अधिक जवळ आहेत. मात्र तो शब्दही संस्कृतात न्हाऊन आलेला वाटतो. मला उंबर पुरे.

हा नुसता पंडितांचा वाद असता तर सणावारी मी तो काढला नसता. पण त्याची झळ वर्गात लागते. सहावीच्या एका मुलीने निबंधात लिहिले होते, 'मी दिवाळीला उमरावतीला मामाकडे गेले.' वही तपासायला आलेल्या एका पाहुण्या अधिकाऱ्याने त्या शब्दाभोवती तांबडे वर्तुळ काढले आणि सगळ्या वर्गादेखत तिला विचारले, "घरी कोणी शिकलेले नाही का?" मुलगी काही बोलली नाही. पुढच्या निबंधात तिने मामाचे गावच बदलून नागपूर केले. ज्या उच्चारामागे निदान दीडशे वर्षांचे कागद उभे आहेत तो त्या पोरीने आजीकडून ऐकला होता. ज्याने वर्तुळ काढले त्याच्यापाशी एका पौराणिक नगरीवाचून दुसरा आधार नव्हता. बोर्डावर अमरावती लिहा, परीक्षेत अमरावती लिहा, त्याला माझी ना नाही. नाव एकदा रूढ झाले की झाले. पण उमरावती म्हणणाऱ्याला अडाणी ठरवण्याचा अधिकार त्यातून येत नाही.

अचलपूरची कथा याहून मोठी आहे, आणि ती सांगण्यासाठीच मी खरे म्हणजे लेखणी उचलली.

हे गाव इंग्रजी अमलात एलिचपूर होते. गॅझेटियरे सांगतात की ईल नावाचा जैन राजा होता, त्याने १०५८ साली हे नगर वसवले, म्हणून एलिचपूर. स्वातंत्र्यानंतर सरकारदरबारी अचलपूर हे नाव आले. तेव्हापासून आणखी एक समजूत पसरली की मूळचे सुंदर अचलपूर मुसलमानी अमलात आणि इंग्रजांच्या जिभेवर बिघडले. म्हणजे एकाच नावाबद्दल दोन मते झाली: एक पक्ष एलिचपूर हे राजाचे नाव म्हणून जपतो, दुसरा ते परकीयांची घाण म्हणून झटकतो. दोन्ही पक्षांनी लेखने पाहिलेली नाहीत.

ईल राजाचे आधी. बैतुल जिल्ह्यातल्या तिवरखेड गावी सापडलेला राष्ट्रकूट नन्नराजाचा ताम्रपट अचलपुराहून दिलेला आहे, आणि तो या ईल राजाच्या काही शतके आधीचा आहे. जे नगर पूर्वीच नांदत होते ते त्याने पुन्हा कसे वसवले? राजा झालाही असेल. त्याच्याशी माझे भांडण नाही. नावाचा मालक तो नव्हे, एवढेच.

मग अचलपुराचे एलिचपूर कोणी केले? हेमचंद्र हा बाराव्या शतकातला गुजरातेतला थोर जैन पंडित. त्याने व्याकरण लिहिले आणि त्याच्या आठव्या अध्यायात प्राकृत भाषेचे नियम घातले. शब्दातली अक्षरे एकमेकांच्या जागा कशा घेतात हे सांगताना त्याने एक संबंध सूत्र आमच्या या वऱ्हाडी गावासाठी खर्च केले आहे. अचलपूर या शब्दात च आणि ल आपल्या जागा बदलतात आणि अलचपूर होते, असा त्याचा आशय. बाराव्या शतकात! दक्षिणेत अजून ना खिलजी आला होता ना बहामनी राज्य झाले होते, आणि इंग्रज तर कुठल्या कुठे होते. महानुभावांच्या जुन्या मराठी ग्रंथांतही हे गाव 'आळजपूर' म्हणून येते. तिथेही ल-ळ आधी आणि च-ज नंतर. मग फारसी दफ्तर आले. त्या लिपीत ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत, तेव्हा अलचचे इलिच, एलिच वाचले जाणे साहजिक होते. इंग्रजांनी ते तसे उचलले आणि आपल्या चालीने एक 'ल' वाढवला, इतकाच काय तो त्यांचा अपराध. हेमचंद्र, महानुभाव, फारसी लेखक आणि इंग्रज अंमलदार, एकमेकांचे तोंडही न पाहिलेले हे चार साक्षीदार एकच गोष्ट सांगतात: ताम्रपटात अचलपूर लिहीत असत आणि बाजारात अलचपूर म्हणत असत.

हेमचंद्राने अचलपुराचे सूत्र सांगितल्यावर लगेच पुढचे सूत्र कोणत्या शब्दाचे दिले आहे ठाऊक आहे? महाराष्ट्राचे. त्या शब्दात ह आणि र जागा बदलतात आणि मरहट्ठ होते. त्या मरहट्ठापासूनच आपले मराठा आणि मराठी हे शब्द आले. म्हणजे ज्या उलटापालटीने अलचपूर झाले त्याच उलटापालटीने मराठी झाली. व्याकरणकाराने दोघांना शेजारी शेजारी बसवले आहे. अलचपूर अशुद्ध म्हणून झटकणाऱ्याने पहिल्याने 'मराठी' हा शब्द उच्चारणे सोडून द्यावे आणि मग अलचपुराकडे वळावे. अचलपूर नाव परत आले याचा मला आनंद आहे, ते खरोखरीच जुने आहे. त्याच्या आनंदात अलचपूरची निंदा मात्र नको होती.

वाशीमचे प्रकरण याच मासल्याचे. हा भाग १९९८ साली अकोल्यातून निघून वेगळा जिल्हा झाला. इंग्रजी कागदांत तो बासीम आहे. वत्स ऋषीने तिथे तप केले, देव त्याच्याभोवती जमले, म्हणून वत्सगुल्म, असे स्थळमाहात्म्य सांगते. वत्स आणि गुल्म नावाचे दोन राजपुत्र होते असे एका जुन्या टीकेत आहे. एका नावातून एक ऋषी आणि दोन राजपुत्र निघाले, अजून कोणी मनावर घेतले तर आणखीही निघतील. वत्सगुल्म हे नाव मात्र खोटे नव्हे. १९३९ साली वाशीमलाच मिळालेल्या वाकाटक विंध्यशक्तीच्या ताम्रपटात ते स्वच्छ कोरलेले आहे. आणि वत्सगुल्मापासून वाशीमपर्यंत येण्याचा मधला दगडही उभा आहे: राजशेखराने आपल्या प्राकृत नाटकात वैदर्भी रीतीला 'वच्छोमी' म्हटले आहे. वत्सगुल्म, वच्छोम, वासीम, अशी ही वाट. एका काळी काव्याच्या एका रीतीला नाव देणारे हे शहर आज केवळ ऋषीच्या गोष्टीवर समाधान मानते याचे वाईट वाटते.

ताम्रपटांविषयी मात्र फार भोळे राहू नये. अचलपूरजवळ चम्मक नावाचे खेडे आहे. तिथे वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा प्रसिद्ध ताम्रपट मिळाला. फ्लीट यांनी तो १८८८ साली छापला, आणि पुढे महामहोपाध्याय मिराशी यांनी १९६३ च्या आपल्या मोठ्या ग्रंथात त्याची पुन्हा चिकित्सा केली. भोजकट राज्यातले, मधुनदीच्या काठचे 'चर्मांक' हे गाव हजार ब्राह्मणांना दिल्याचे त्यात आहे. दान कसले, करारच आहे तो: राजद्रोह करू नये, चोरी करू नये, दुसऱ्या गावांशी लढाई करू नये, असे वागाल तोवरच गाव तुमचे. (हजार जणांत एक गाव वाटून घेताना तंटे झाले नसतील तर ते ब्राह्मण आजच्यापेक्षा निराळेच असले पाहिजेत.) पंधराशे वर्षांत त्या नावाने एक 'र' काय तो गमावला. पण मनात येते, की लोक तेव्हाही चम्मकच म्हणत असतील आणि राजाच्या लेखकाने त्याला चर्मांकाचा जरीकाठ लावला असेल! कारकुनाला नाव सुधारण्याची खोड आजचीच आहे असे थोडेच? प्रत्येक जुने संस्कृत लेखन मूळचे आणि प्रत्येक बोलीतले रूप बिघडलेले, असे धरून चालण्यात हा धोका आहे. राजवाड्यांसारख्या प्रचंड बुद्धीच्या माणसाने ग्रामनामांतून महाराष्ट्राच्या वसाहतीचा इतिहास वाचला, त्यांचे ऋण फेडता येणार नाही. परंतु हरेक नाव ओढून संस्कृतापर्यंत नेण्याचा जो त्यांचा आग्रह होता त्याची नक्कल पुढच्यांनी त्यांच्या बुद्धीवाचून केली.

परक्यांचे कान आपल्या लेखणीपेक्षा कधी कधी इमानी असतात, त्याचे एक लहानसे उदाहरण देतो. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अकोला जिल्ह्यातल्या अडगावपाशी भोसल्यांची आणि इंग्रजांची लढाई झाली. इंग्रजी इतिहासात ती 'अर्गाम'ची लढाई. पोरे हसतात, की साहेबाला गाव म्हणता येईना. पण ड चा र होणे सोडले तर शेवटचा 'म' काय आहे? आपण पूर्वी 'गांव' लिहीत होतो, डोक्यावर अनुस्वार देत होतो, आणि नाकातून थोडे म्हणतही होतो. १९६२ च्या लेखननियमांनी तो अनुस्वार गेला. आमच्या पाट्यांवरून गेलेला तो नाकातला स्वर इंग्रजांच्या लढायांच्या यादीत 'म' होऊन बसला आहे.

खुद्द वऱ्हाड या शब्दाचीही अशीच मौज आहे. रुक्मिणी कौंडिण्यपूरची, तिच्या लग्नाचे वऱ्हाड इथे आले म्हणून हा मुलूख वऱ्हाड, असे घरोघर सांगतात. लग्नसराईत ही गोष्ट सांगायला फार गोड आहे, आणि रुक्मिणीहरणात वऱ्हाडाला जेवायची पंगत मिळालीच नाही हे कोणाच्या ध्यानात येत नाही. अकबराच्या दरबारी अबुल फज्लने मात्र सोळाव्या शतकाच्या अखेरीस वरदा नदीचा तट म्हणून वरदातट असे या मुलखाचे जुने नाव नोंदवले. त्यालाही ते कोणी तरी सांगितलेच असेल. तरी नदी अजून वाहते आहे, जाऊन पाहता येते.

राहता राहिला मेळघाट. तिथे माझ्यासारख्याने फार बोलू नये, आणि ज्यांनी बोलू नये त्यांनीच तिथे सर्वांत अधिक बोलून ठेवले आहे. भीमाने कीचकाला मारून दरीत फेकले, म्हणून कीचकदरा आणि त्याचे चिखलदरा, हे सहलीला आलेल्या प्रत्येक शाळेला ऐकवले जाते. पावसाळ्यात एकदा त्या वाटेने चालून गेलेल्याला चिखलाची दरी समजायला महाभारत लागू नये. पण खरी अडचण पुढेच आहे. त्या डोंगरात कोरकू लोक राहतात, त्यांची भाषा मराठीच्या कुळातली नव्हे, हिंदीच्याही नव्हे. ती मुंडा कुळातली आहे. त्या पाड्यांची, ओढ्यांची, माळांची नावे त्यांनी आपल्या भाषेत ठेवली. वाघांच्या राखीव रानासाठी त्यांतली काही गावे उठवून खाली सपाटीवर वसवली गेली. गाव उठले की ओढ्याचे नाव घेणारा माणूस तिथे उरत नाही, आणि कागदावर रानाच्या तुकड्याचा नुसता आकडा राहतो. ही नावे कोरकू येणाऱ्या माणसाने, शक्य तर कोरकू मास्तराने, म्हाताऱ्यांच्या तोंडून जशीच्या तशी उतरून घेतली पाहिजेत, आणि ते काम पुढच्या पिढीवर टाकण्यासारखे नाही. आमच्या जिल्ह्यांत आश्रमशाळा आहेत, शिकलेली कोरकू मुले आहेत, हाताशी वही आहे. ते होईतो कीचकाला त्याच्या दरीत राहू द्यावे. जागा थंड हवेची आहे, त्याची काही तक्रार नसावी.